कुठल्या रकान्यात टाकू?

मागच्या महिन्यात भाचीला घेऊन एका गायन स्पर्धेला गेलो होतो. स्पर्धेचं नाव घेत नाही. आयोजकांपैकी दोघं-तिघं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, उगाच अवघडायला नको. फॉर्मवर चार रकाने होते: शास्त्रीय, उपशास्त्रीय, सुगम, लोकसंगीत. एकावरच खूण करायची.

भाचीनं रामजोशींची 'सुंदरा मनामध्ये भरली' ही लावणी बसवली होती. बसून गायची, पेटी-तबल्यावर, एकेक ओळ चार-पाच तऱ्हांनी घोळवत. सहा महिने घासली होती पोरीनं. टेबलामागच्या गृहस्थांना मी विचारलं, "हे कशात टाकू?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "लावणी ना? लोकसंगीत. त्यात विचारायचं काय?"

टाकलं लोकसंगीतात. निकालानंतर परीक्षक आपुलकीनं बोलले, ते खोटं बोलणार नाही. म्हणाले, "आवाज फार तयार आहे, पण लोकसंगीताचा बाज नाही. ढोलकी नाही, ठसका नाही. हे तुम्ही उपशास्त्रीयला म्हणायला हवं होतं." पहिला नंबर गेला एका सिनेमातल्या लावणीला, नऊवारी नेसून, मोबाइलवरच्या ट्रॅकवर. त्या मुलीनं झकास म्हटलं, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण गंमत बघा. स्टुडिओत पगारी कवीनं लिहिलेलं, पगारी संगीतकारानं चाल लावलेलं गाणं लोकसंगीत ठरलं, आणि दोनशे वर्षांपासून तोंडातोंडी आलेली लावणी त्या रकान्यात बसेना.

रिक्षात भाचीनं विचारलं, "मामा, मग मी गायले ती लावणी आहे का नाही?" मी म्हटलं घरी जाऊन सांगतो. महिना झाला, आज सांगतोय.

सुरुवात रामजोशींपासूनच करावी लागते, कारण माणूस आपल्या गावचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात जन्मलेला, घर पुराणिक-कीर्तनकारांचं, संस्कृत शिकलेला. आणि हा गडी रमला तमाशाच्या फडात. भावानं घराबाहेर काढलं असं सांगतात. पुढे बारामतीच्या मोरोपंतांची गाठ पडली आणि हाच माणूस कीर्तनाला उभा राहिला, पंतांच्या आर्या गाऊ लागला. त्यानं संस्कृतातही लावण्या रचल्यात. आता याला टाका कुठल्याही रकान्यात. पंडित म्हणाल तर फडावरचा, फडावरचा म्हणाल तर व्युत्पन्न, शाहीर म्हणाल तर हरदास. तो आज टेबलासमोर उभा राहिला असता तर त्या गृहस्थांना मान वर करावी लागली असती, एवढं नक्की.

पण 'कलेला कप्पे नसतात, सूर एकच असतो' वगैरे लिहायला मी बसलेलो नाही. ते मला पटत नाही. कप्पे असतात. लावणीवाल्या बायकांना विचारा, त्या तुम्हाला बैठकीची वेगळी आणि फडाची वेगळी हे क्षणात सांगतील. छक्कड वेगळी, बालेघाटी वेगळी, जुन्नरी वेगळी. आमच्या जिल्ह्यातल्या मोडनिंबला लावणीच्या कलाकेंद्रात बसलात तर संगीतबारी आणि ढोलकीफड यांच्यातला फरक तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही, वाद्यं कोणती आणि बाई उभी आहे का बसलेली यावरून कळतो. तमाशात गण आधी, मग गौळण, मग बतावणी, मग वग. कीर्तनात नारदीय निराळं, वारकरी निराळं. पूर्वरंग संपून उत्तररंग कधी लागला हे पेटीवाल्याला कळावंच लागतं, नाहीतर बुवा सगळ्यांदेखत डोळे वटारतात. ही नावं करणाऱ्यांनी ठेवलेली आहेत, कामासाठी. नाव कळलं की पुढं काय करायचं ते कळतं.

'शास्त्रीय', 'सुगम', 'लोक' ही नावं तशी नाहीत. ती कळून गाणाऱ्याला काहीच करता येत नाही. ती ऐकवणाऱ्याला, बक्षीस देणाऱ्याला, मानधन ठरवणाऱ्याला लागतात.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, सत्तावीस वर्षं झाली. मागावरचा माणूस टॉवेलबद्दल बोलतो तेव्हा किती ग्रॅमचा, कितीच्या सुताचा, डॉबी का जकार्ड, एवढंच बोलतो. तोच टॉवेल दुकानात गेला की हॉटेलचा होतो, जिमचा होतो, आहेराचा होतो. आहेराचा म्हटला की वर टोपी ठेवायची आणि किंमत चढवायची. सूत तेच! दुकानदार खोटं बोलतो असं नाही, त्याला गिऱ्हाईक दिसत असतं. पण तो 'आहेराचा टॉवेल' ही जणू विणीचीच एखादी जात असल्यासारखं बोलायला लागला, तर मागावरचा माणूस हसेल. संगीतात मात्र आपण हसत नाही, आपण माना डोलावतो.

तमाशाचंच घ्या. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली, अश्लील म्हणून. मग सुधारणा, नियम, संहिता तपासणं हे सगळं झालं आणि रूढ झाला सभ्य शब्द: लोकनाट्य. आजही कुठल्याही जत्रेतलं पोस्टर वाचा, 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असं दोन्ही लिहिलेलं असतं. पहिला शब्द पोलीस पाटलासाठी, दुसरा प्रेक्षकासाठी. (हे माझं म्हणणं, पुस्तकात शोधू नका.) आणि तोच खेळ सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात तिकीट लावून झाला की त्याची 'लोककला' होते आणि पहिल्या रांगेत डॉक्टर-वकील सपत्नीक बसतात. मोडनिंबला जाताना हीच मंडळी गाडीची काच वर करतात.

आमचे आजोबा जुन्या गिरणीत होते आणि पाळी सुटल्यावर भजनात पेटी वाजवायचे. पेटीची गोष्ट तर फारच मजेशीर आहे. 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली. कारण काय, तर तिच्यावर मींड काढता येत नाही (म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाता येत नाही), श्रुती म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा सापडत नाहीत, आणि वर परदेशी वाद्य. 1971 पर्यंत ही बंदी चालली. म्हणजे कीर्तन पेटीवर, भजन पेटीवर, नाटक पेटीवर, तमाशा पेटीवर, आणि आकाशवाणीच्या स्टुडिओत पेटीला मज्जाव. मींड निघत नाही हे खरंच आहे. आजोबांनाही ते माहीत होतं, म्हणून ते गाणाऱ्याच्या मागं-मागं वाजवायचे, पुढं जायचे नाहीत. पण एका रकान्याचा नियम सगळ्यांवर लादला की काय होतं त्याचा हा नमुना. 1952 साली बाळकृष्ण केसकर माहिती-नभोवाणी मंत्री झाले, तेव्हा हीच गत सिनेमाच्या गाण्यांची झाली. लोकांनी रेडिओ सिलोन लावला. अखेर 1957 साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. लोक रकाना बदलत नाहीत, सरळ स्टेशन बदलतात.

हे आपल्याकडंच होतं असंही नाही. अमेरिकेत 1920 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी काळ्या लोकांना विकायच्या तबकड्यांचा एक कॅटलॉग केला, 'रेस रेकॉर्ड्स', आणि दक्षिणेतल्या गोऱ्या खेडुतांसाठी दुसरा, 'हिलबिली'. दोघंही एकमेकांची गाणी उचलत होते, एकमेकांच्या शेजारी बसून बँजो आणि फिडल वाजवत होते. फरक गाण्यात शोधायला गेलं तर सापडायची मारामार. 1949 साली बिलबोर्ड साप्ताहिकानं 'रेस' हा शब्द काढून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केला. पाटी बदलली, पण यादी वेगळी ती वेगळीच राहिली. तमाशाचं लोकनाट्य झालं तसंच हे, आहे की नाही?

परत आपल्या जिल्ह्यात येतो. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेचा 'अगा वैकुंठीच्या राया' घ्या. गणिकेच्या पोटी जन्मलेल्या बाईचा अभंग. दिंडीत टाळ-मृदंगावर म्हटला की वारकरी भजन. 1931 सालच्या 'संगीत कान्होपात्रा' नाटकात आला की नाट्यगीत. मैफिलीच्या शेवटी बुवांनी भैरवीत घेतला की शास्त्रीय मैफिलीची सांगता. आणि मोबाइलच्या ॲपवर शोधलात तर 'डिव्होशनल', हनुमान चालिसाच्या खाली. शब्द तेच, विठ्ठल तोच. बदलतं ते बसणं. कोण कुठं बसलंय, कुणी पैसे दिलेत आणि चपला कुठं काढल्यात.

सोलापुरात वाढलेल्या माणसाला याचं फार आश्चर्य वाटू नये खरंतर. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी नंदीध्वज निघतात आणि 'एकदा भक्तलिंग हर बोला हर' असा गजर होतो, ते भजन आहे का घोषणा? कुणी विचारत नाही. ज्या सिद्धरामेश्वरांसाठी हे सगळं चालतं त्यांची वचनं कानडीत, बाराव्या शतकातली. वचन म्हणजे बोलणं. धड पद्य नाही, धड गद्य नाही, वृत्त नाही, आणि तरी मल्लिकार्जुन मन्सूर ती गायचे तेव्हा अंगावर काटा यायचा. नवरात्रात शहराच्या पूर्व भागात तेलुगू बायका बतुकम्मा मांडतात, फुलांच्या उतरंडीभोवती फेर धरून 'उय्यालो उय्यालो' म्हणतात. त्याच नऊ रात्रींत आमच्या गल्लीत पाटावरच्या हत्तीभोवती भोंडला. मी लहान असताना आमची अक्का आधी भोंडल्यात नाचायची, खिरापत खाऊन झाली की शेजारच्या मावशींबरोबर बतुकम्माला जायची. तिला एक शब्द तेलुगू येत नव्हता. ती नुसती टाळी बरोबर द्यायची. अभ्यासक याला दोन प्रांतांतल्या दोन लोकपरंपरा म्हणतील. अक्का म्हणायची, "तिकडं पाय जास्त दुखतात."

हे सगळं मी परवा पार्क चौपाटीवर एका मित्राला ऐकवलं. तो नाटकवाला आहे, समित्यांवर असतो. शांतपणे ऐकून म्हणाला, "बे, तुझं सगळं खरं. पण रकाना काढून टाकला तर त्या बाईला मानधन कशात देऊ?" वृद्ध कलावंतांच्या सरकारी मानधनासाठी अर्ज करताना कलाप्रकार लिहावा लागतो. तो रिकामा ठेवला तर अर्ज परत. बैठकीची लावणी गाणारी सत्तरीची बाई स्वतःला काय म्हणेल? ती म्हणते, "मी गाते." एवढ्यावर पैसे मिळत नाहीत. आणि 'लोककला' हा रकाना कुणीतरी भांडून मिळवला म्हणून तर यमुनाबाई वाईकरांसारख्या बाईला 2012 साली पद्मश्री मिळाली, नाहीतर आयुष्यभर लोक 'तमासगिरीण' म्हणून तोंड फिरवून गेलेच असते. मला यावर उत्तर सुचलं नाही. भेळ खाल्ली.

पण एक गोष्ट मी त्याला सांगितली आणि ती इथंही लिहितो. मानधनासाठी रकाना ठेवा, पुरस्कारासाठी ठेवा, ग्रंथालयात कपाटावर चिठ्ठी लावा. परीक्षकाच्या हातात मात्र तो मोजपट्टी म्हणून देऊ नका. गाणारी समोर बसली आहे, ती लावणी गातेय का रकाना गातेय हे ऐका. बैठकीच्या लावणीत ढोलकीचा ठसका शोधणारा परीक्षक म्हणजे चादर घ्यायला येऊन टॉवेल का नाही म्हणणारं गिऱ्हाईक. आमच्याकडं अशी येतात. आम्ही चहा पाजून पाठवतो.

पूर्व भागात विणली जाणारी वॉल हँगिंग्ज पाहिलीत का? मागावर माणसाचा चेहरा उमटवतात, डोळ्यातली चमकसुद्धा सुतात. प्रदर्शनात ती 'हस्तकला' म्हणून टेबलावर पसरलेली असतात, शेजारच्या दालनात कॅनव्हासवरचा तसाच चेहरा 'कला' म्हणून भिंतीवर टांगलेला. एकावर विणणाऱ्याचं नाव नसतं, दुसऱ्यावर सही असते. यावर खरंतर वेगळी पोस्ट होईल, कारण तिथं पैशाचा फरक गाण्यापेक्षाही मोठा आहे. नंतर कधीतरी.

तर भाचीच्या प्रश्नाचं उत्तर: हो, तू गायलीस ती लावणीच. बैठकीची. हे नाव तुला ज्या बाईंनी शिकवलं त्यांनीच दिलंय, बाकी कुणाला विचारायची गरज नाही.

हे तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ते मला माहीत होतं मामा, तुम्हाला माहीत आहे का बघत होते." पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका मंडळाची स्पर्धा आहे. तिनं दोन फॉर्म भरलेत, एक उपशास्त्रीयचा, एक लोकसंगीताचा. गाणं तेच. प्रवेश फी प्रत्येकी दोनशे, दोन्ही माझ्याकडून.