साथ नकाशावरचे अंतर पाहून येत नाही

नवी साथ उद्भवली की एक दावा हमखास फिरू लागतो: रोग उगमस्थानापासून शेजारच्या प्रदेशात आणि तेथून पुढे सरकतो, म्हणून लांबच्यांनी घाबरू नये, विमानतळावर ताप तपासावा, बाधित देशाची विमाने थांबवावीत, एवढे पुरे आहे.

यातला पहिला भाग सर्वांत घातक आहे, कारण तो माणसाला निर्धास्त करतो. फेब्रुवारी 2003 मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरला आणि तेथील पाहुण्यांबरोबर सार्स हा श्वसनाचा रोग हनोई, सिंगापूर आणि पार टोरांटोपर्यंत पोहोचला. भारतातील कोविडचा पहिला रुग्ण 30 जानेवारी 2020 रोजी चीनला लागून असलेल्या अरुणाचलात नव्हे, तर केरळात आढळला. ती वुहानहून परतलेली विद्यार्थिनी होती. ब्रॉकमन आणि हेल्बिंग या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले की, अंतर किलोमीटरऐवजी दोन ठिकाणांमधील प्रवाशांच्या वर्दळीवरून मोजले, तर साथ कोठे कधी पोहोचेल याचा अंदाज कितीतरी अधिक नेमका येतो.

तापाच्या तपासणीबद्दल थोडक्यात सांगता येते. लागण झाल्यानंतर लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात, विमानप्रवास मात्र काही तासांचा असतो. 2003 मध्ये कॅनडाने विमानतळांवर लाखो प्रवासी तपासले, पण त्यांत सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही.

विमानबंदीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. 2009 च्या स्वाइन फ्लूच्या वेळी मेक्सिकोची हवाई वाहतूक सुमारे 40 टक्क्यांनी घटली, तरी एका गणिती अभ्यासानुसार त्यामुळे साथीचा इतर देशांतला प्रसार सरासरी तीन दिवसही लांबणीवर पडला नाही. 2020 च्या फेब्रुवारीत अमेरिकेने चीनमधून येणाऱ्या परदेशी नागरिकांना प्रवेश नाकारला. न्यूयॉर्कमध्ये विषाणू मुख्यतः युरोपातून आला, असे पुढे जनुकीय तपासणीत दिसून आले.

बंदी कधीच उपयोगी पडत नाही, असे मात्र मला म्हणायचे नाही. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ऑकलंडहून ‘टालुन’ जहाज प्रशांत महासागरातील पश्चिम सामोआ बेटांवर आले आणि तेथील सुमारे एक पंचमांश लोक दगावले. शेजारच्या अमेरिकन सामोआत मात्र त्या साथीने कोणीही मेले नाही, कारण तेथील प्रशासनाने एखाद्या देशापुरती नव्हे, तर येणाऱ्या प्रत्येक बोटीवर विलगीकरणाची सक्ती केली होती, स्थानिक लोकांनी किनाऱ्यावर पहारा ठेवला होता, आणि हे सारे रोग बेटावर पोहोचण्याआधी घडले होते.