गाडी माझी आहे, भंगारातली नाही

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो पडला. फोटोत माझी झेन. खाली ओळ: "ही भंगार गाडी कोणाची आहे? पाहुणे येतात, बरं दिसत नाही." त्याखाली धडाधड अंगठे. एकाने तर लगेच स्क्रॅपवाल्याचा नंबरच टाकला. चहा उकळायच्या आत मीच उकळले. ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर शब्द जरा जास्त गेले असते, आणि उद्या त्याच लिफ्टमधून सगळ्यांसोबत खाली उतरायचंय. म्हणून इथे लिहितेय. इथली माणसं आपली आहेत.

तर, गाडी माझी आहे. मारुती झेन, २००३ ची, एमएच-०३, पेट्रोल. पहिल्या किल्लीला सुरू होते. पीयूसी आहे, तीही आमच्या वयाच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी काढावी लागते, काढते. इन्शुरन्स आहे. ती नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसुद्धा ७४५ रुपये अधिक जीएसटी भरून लावून घेतली. जुन्या प्लेटच्या कोपऱ्यात बाबांनी पेंटरकडून एक बारीकसा 'श्री' काढून घेतला होता, तो त्यात गेला. ती प्लेट माळ्यावर आहे. लॉबीच्या शोभेची ज्यांना एवढी काळजी आहे त्यांनी मागावी, देईन.

आणि बरं दिसत नाही म्हणजे काय हो? आमची मुलुंड पूर्वेची चार मजली बिल्डिंग पाडून हा टॉवर झाला. खाली जे यंत्राचं पार्किंग दिलंय, त्याच्या खालच्या खणात निम्म्या लोकांच्या एसयूव्ही उंचीमुळे जातच नाहीत. त्या गेटबाहेर रस्त्यावर लागतात आणि तिथे रोज वॉचमनशी भांडणं होतात. माझी साडेतीन मीटरची गाडी मुकाट आपल्या खणात जाऊन बसते. शोभा घालवतेय ती मी!

ही गाडी बाबांनी रिटायर झाल्यावर घेतली. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. आयुष्यभर डबे दुरुस्त केले आणि पीएफचा पैसा हातात आला तेव्हा सगळे म्हणत होते एफडी करा, तर हा माणूस झेन घेऊन आला. आईने तेव्हा काय म्हटलं ते पुढे सांगते.

आता तो किस्सा. जवळच्यांनी शंभरदा ऐकलाय, पण आज परत ऐकावाच लागेल. बहुतेक २००६ चे गणपती. खेडहून, गावाहून, गौरी-गणपती विसर्जन करून परत येत होतो. मागच्या सीटवर आई, मी आणि आमच्या दोघींच्या मध्ये नारळांचं पोतं. पुढे बाबा आणि धाकटा भाऊ. पाऊस धो धो. कशेडी घाट उतरलो, पोलादपूर आलं आणि क्लचची केबल तुटली. पेडल फटकन खाली जाऊन तिथेच बसलं. क्लच नाही म्हणजे गिअर बदलायची सोयच नाही. अंधार पडत आलेला. आम्हाला वाटलं, झालं, आता रात्र इथेच. बाबा दोन मिनिटं गप्प बसले. मग इंजिन बंद असतानाच पहिला गिअर टाकला आणि किल्ली फिरवली. गाडी बेडकासारखी उडी मारून निघाली. म्हणाले, "आता कोणी बोलू नका. मला इंजिन ऐकू द्या."

आणि खरंच ऐकत चालवली त्यांनी. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, इंजिनचा आवाज उतरत उतरत एका जागी आला की गिअरच्या दांड्याला नुसतं बोट लावायचं. टक्. गेला दुसऱ्यात. पुन्हा आवाज, पुन्हा टक्. गिअरचे दात घासल्याचा खर्रर्र असा एक आवाज नाही. पोलादपूर ते महाड, वीसेक किलोमीटर, क्लचशिवाय. महाडला एक टपरीवजा गॅरेज उघडं होतं, त्याने भिंतीवरच्या खिळ्यावरून केबल काढली, दोन पान्यांत बसवली, चहा पाजला. मारुतीचा सामान तेव्हा कुठेही मिळायचा. रात्री उशिरा का होईना, मुलुंडला आपापल्या अंथरुणात होतो.

मी गेल्या महिन्यात एका नव्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेतली. नवऱ्याचा हट्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला ना, तेव्हापासून आमच्या घरात एक एक्सेल शीट फिरतेय. बसले. बेल्ट लाव, पीं. दार नीट लागलं नाही, पीं. मागे खांब आहे, पीं पीं पीं. अहो, मला दिसतोय तो खांब! सुरू करायचं बटण दाबलं तर स्क्रीनवर आलं, आधी क्लच दाबा. त्याशिवाय सुरूच होत नाही. मी त्या सेल्सच्या मुलाला विचारलं, "आणि क्लच तुटला तर?" त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "मॅडम, रोडसाइड असिस्टन्स आहे, ट्वेंटी फोर बाय सेव्हन." पोलादपूरला, विसर्जनाच्या पावसात, मुंबई-गोवा हायवेवर. ये बाबा, वाट बघते.

(तो हायवे अजून पूर्ण झालेला नाही, पण त्यावर लिहायला बसले तर आज झोपायलाच नको.)

बरं, एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, हे मला माहीत आहे. ठोकली तर पुढचा पत्रा म्हणजे माझे गुडघेच. मान्य. पुढे.

मला खरा राग कशाचा येतो सांगू? ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्याच्या महिनाभर आधी बेस्टची जुनी डबल डेकर गेली. तेव्हा हाच ग्रुप रडत होता. फोटो काय, काळ्या-पिवळ्या रंगाचे डीपी काय, "मुंबईचा आत्मा गेला" काय. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची ती पद्मिनी, आणि तिथून जाणाऱ्या लोकलमध्ये उभं राहून ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना ती कारखाना चालू असताना कधी दिसली नाही. ती शेवटची टॅक्सी २००३ साली ताडदेवच्या आरटीओत रजिस्टर झालेली होती. माझी झेनही २००३ चीच. टॅक्सीला मुंबईत वीस वर्षांची मर्यादा आहे, म्हणून ती गेली. खाजगी गाडीला तशी नाही, म्हणून माझी आहे. एवढाच फरक. म्हणजे गाडी गेली की आत्मा, आणि अजून पार्किंगमध्ये उभी असेल तर भंगार! मेल्यावर हार घालायचा आणि जिवंतपणी स्क्रॅपवाल्याचा नंबर द्यायचा, ही आपली खासियतच आहे.

दिल्लीत १ जुलै २०२५ पासून जुन्या गाड्यांना पंपावर पेट्रोल द्यायचं नाही असं ठरलं आणि दोन-तीन दिवसांत ते गुंडाळावं लागलं. इकडे मुंबईत पेट्रोल-डिझेलच्या गाड्याच बंद करता येतील का हे बघायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. बघा की. मी आठवड्यातून एकदा भाजी मार्केट, एकदा आईला फिजिओकडे, आणि कधीतरी ठाण्याला मावशीकडे जाते. ऑफिसला मी लोकलने जाते, सीएसएमटीपर्यंत, उभी. ज्या साहेबांनी फोटो टाकला ते एकटे, दोन टनांच्या गाडीतून, एसी लावून बीकेसीला जातात आणि धूर माझ्या गाडीचा मोजतात. हां, जुनं इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर सोडतं, हे खरं आहे. पण एक चालती गाडी चेपून दुसरी बनवायला लोखंड, रबर, वीज लागते ती काय झाडावर उगवते का?

आणि ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल! त्याने माझं मायलेज पडलं ते पडलंच. मेकॅनिकने सांगितलं, ताई, इंधनाचे रबरी पाइप एकदा बदलून घ्या, जुनं रबर याला टिकत नाही. बदलले. गाडी माझी, पेट्रोल त्यांचं, खर्च माझा. २०१८ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा वडाळ्याच्या आरटीओत फिटनेस तपासणी करून रजिस्ट्रेशन पाच वर्षं वाढवून घेतलं. त्याच्या आदल्याच वर्षी बाबा गेले होते, त्यामुळे आधी फॉर्म ३१ भरून गाडी माझ्या नावावर करावी लागली. २०२३ ला परत पाच वर्षं, पाच हजार रुपये फी. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला तीच फी दहा हजार केली. म्हणजे २०२८ ला दहा हजार. भरेन. एका ईएमआयपेक्षा कमीच आहे.

खालच्या मजल्यावरचा एक छोटा मुलगा आहे, त्याने परवा काच खाली करायचा हँडल बघितला आणि "मावशी, हे काय आहे?" विचारलं. मी म्हटलं फिरव. पाच मिनिटं वर-खाली करत होता. शेवटी त्याच्या आईने ओढत नेला.

इथवर लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. वाटलं, खूश होईल.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. एका गुडघ्याची वाटी बदललीय, दुसऱ्याची ती बदलू देत नाही. झेनमध्ये बसायचं म्हणजे आधी पाठ फिरवायची, मग एक हात छतावर, एक माझ्या खांद्यावर, आणि "आई गं" करत खाली जायचं. उतरताना तर दोन माणसं लागतात. मला हे रोज दिसतं. रोज दिसतं म्हणूनच बहुतेक लिहिताना सुटलं.

ती म्हणाली, "किस्सा छान लिहिलायस. पण एक राहिलं. मला पोलादपूरच्या आधीपासून जायचं होतं."

मला कळेचना. "कुठे जायचं होतं?"

"अगं, कुठे म्हणजे? लघवीला. घाटात थांबवा म्हटलं तर म्हणाले खाली उतरल्यावर थांबू. खाली उतरलो तर केबल तुटली. मग काय, थांबलो की परत उडी मारून सुरू करावी लागणार, म्हणून महाडपर्यंत थांबायलाच तयार नाहीत. वर कोणी बोलू नका! मांडीवर नारळाचं पोतं कलंडतंय, गाडी उड्या मारतेय आणि यांना इंजिन ऐकायचंय. माझं कोण ऐकणार?"

मी हसून हसून पडले. ती नाही हसली फारशी. मग म्हणाली, "आणली तेव्हाच सांगितलं होतं मी, बुटकी आहे गाडी, बसल्यावर रस्ता दिसत नाही, नुसते ट्रकचे टायर दिसतात. पण त्यांचा एवढा जीव होता, कशाला बोला." इतकी वर्षं! इतकी वर्षं ती मागच्या सीटवर बसून ट्रकचे टायर बघत होती आणि आम्ही सगळे बाबांचं कौतुक करत होतो.

टेस्ट ड्राइव्हला तिलाही नेलं होतं हे मी वर लिहिलंच नाही. त्या पीं-पीं करणाऱ्या गाडीत ती कोणाचा हात न धरता बसली. सीट बरोबर तिच्या कमरेच्या उंचीची. ऐरोली ब्रिजपर्यंत गेलो तर खाडी बघत होती, फ्लेमिंगो आहेत का विचारत होती. उतरताना पाय आधी जमिनीला लागला, मग ती उठली, खुर्चीतून उठावं तशी. सेल्सच्या मुलाला म्हणाली, "चांगली आहे रे बाळा." तेव्हा मी काच किती छोटी आहे, मागचं नीट दिसत नाही, वगैरे त्याच्याशी वाद घालत होते.

आता माझं म्हणणं काय ते ऐका. मी नवी गाडी घेईन की नाही ते मला आज माहीत नाही. घेतलीच तर ती माझ्या आईच्या गुडघ्यासाठी घेईन. जीएसटी कमी झाला म्हणून नाही, समिती बसली म्हणून नाही, आणि कोणाच्या पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून तर मुळीच नाही. एखादी वस्तू कधी सोडायची हे ती ज्याच्या घरात आहे त्याने ठरवायचं असतं. त्यात मत द्यायचा हक्क एकाच माणसाला आहे, आणि ते मत मला आज मिळालं, तेही मी न विचारता.

नवरा म्हणतो, दोन्ही ठेवू, दुसऱ्या पार्किंगचे पैसे भरू. तो भरणार असेल तर उत्तम. भाऊ म्हणतो, झेन गावाला पाठव, खेडला घराच्या पडवीत राहील. पडवीत राहील आणि उंदीर वायरी खातील, तुला काय कळतंय त्यातलं. रविवारी आईला घेऊन अजून एक-दोन शोरूम बघणार आहे, आणि या वेळी पुढे मी नाही, ती बसणार. पुढच्या सीटवरून सगळं दिसतं की नाही ते तिलाच सांगू दे.

तोवर एक काम आहे. परवा गेटपाशी कोणाची तरी बाइक घासून झेनच्या मागच्या डाव्या लाइटची काच गेलीय. कुर्ल्याला सीएसटी रोडवर चार दुकानं फिरले, सगळ्यांकडे उजवी आहे. २००३ च्या नव्या शेपची डावी टेललाइट कोणाकडे पडून असेल तर इनबॉक्स करा. पैसे देईन, चहाही पाजेन. डुप्लिकेट नको.