चिडायचंच तर निबंधावर नको

नमस्कार,

अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांच्या (कला आणि विज्ञान दोन्ही शिकवणाऱ्या, मुख्यतः पदवीपुरत्या छोट्या कॉलेजांच्या) प्रवेशाबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. लेखात मी मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजचं उदाहरण घेतलं होतं. तुमचं म्हणणं असं, की मुलगी बारावी सायन्सला आहे, आपल्या सीईटीत निदान पर्सेंटाइल कळतं, कॅप राउंडचा कटऑफ कळतो. तिकडे मात्र निबंध, शिफारसपत्रं, 'व्यक्तिमत्त्व' असा सगळा हवेतला कारभार, आणि सल्लागार लाखो रुपये घेऊन तेच निबंध लिहून देतात. थोडक्यात, हा पैसेवाल्यांचा मागचा दरवाजा आहे आणि मी मध्यमवर्गीय पालकांना तिथे नेऊन उभं करते आहे.

पैशाबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. गुणांपलीकडचंही बघणाऱ्या या 'सर्वांगीण' निवडीचा जन्मच स्वच्छ नाही. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर टक्केवारीची मर्यादा घालायची सूचना केली. उघड मर्यादा प्राध्यापकांच्या विरोधामुळे बारगळली, पण पुढच्या काही वर्षांत गुणांच्या जोडीला 'चारित्र्य', फोटो, मूळ गाव हे सगळं तपासलं जाऊ लागलं आणि हवा तो परिणाम साधला गेला. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप द्यायची रीतही त्याच काळात रुजली. अ‍ॅमहर्स्टने ती बंद केली २०२१ मध्ये, स्थापनेला दोनशे वर्षं झाल्यावर. तोवर तिथल्या तुकडीत अशा मुलांचं प्रमाण सुमारे ११ टक्के होतं. खेळाडूंना मिळणारं प्राधान्य तर आजही आहे, आणि स्क्वॉश, गोल्फ, लॅक्रोस हे खेळ कोणाच्या घरची मुलं खेळतात हे सांगायला नको.

पण निकष हवेतले आहेत, हे मला मान्य नाही. कॉमन डेटा सेट नावाचा दस्तऐवज तिथली बहुतेक कॉलेजं दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यात प्रत्येक निकषापुढे खूण असते: अत्यंत महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, विचारात घेत नाही. अभ्यासक्रम किती कठीण निवडला, हे तिथे वरच्याच ओळीत येतं. एसएटी ही प्रवेशपरीक्षा अ‍ॅमहर्स्टने २०२० पासून ऐच्छिक केली. तशाच बोडिन कॉलेजने तर १९६९ मध्येच. कोणते विषय घेऊन यावं हेही सांगितलेलं असतं, सक्ती नसली तरी: चार वर्षं इंग्रजी, प्रगत गणित, परकी भाषा, प्रयोगशाळेसह विज्ञान, आणि इतिहास-सामाजिक शास्त्रं. आपल्या सायन्सच्या मुलांचा इतिहास दहावीलाच सुटतो, याचा विचार अकरावीला विषय निवडताना कोणी करत नाही.

एक मात्र खरं. नकार का आला हे ते कळवत नाहीत, आणि शंभरातल्या नव्वदेक जणांना नकारच येतो. कटऑफ अमुक पॉइंटने हुकला, एवढं तरी आपल्या मुलांना कळतं. ते कळण्याचं मोल मी कमी लेखत नाही.

आता घोडं खरं कुठे पेंड खातं ते सांगते. तिकडचा प्रवेशअर्ज नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण मागतो. राज्य मंडळाच्या मुलांची नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात. दोन संस्था, दोन शिक्के, आणि नववीची गुणपत्रिका बहुतेक घरांत जपून ठेवलेलीच नसते. स्कूल रिपोर्ट, म्हणजे शाळेची आणि मुलाची माहिती देणारा फॉर्म, भरायचा असतो समुपदेशकाने. आपल्याकडे तो नसतो, म्हणून उपप्राचार्य भरतात, आणि त्यांनी त्या मुलाला कधी पाहिलेलंही नसतं.

मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे अनेक कॉलेजांना मिळून एकच ऑनलाइन अर्ज असलेल्या कॉमन अ‍ॅपचा शिक्षकांचा फॉर्म मला चांगला ओळखीचा आहे. त्यात विचारलेलं असतं, की या विद्यार्थ्याचं वर्णन करताना तुमच्या मनात पहिले शब्द कोणते येतात? मग एक तक्ता. लेखनाची प्रत, वर्गातल्या चर्चेतला सहभाग, अपयश आल्यावर कसा वागतो, इतरांची किती काळजी घेतो, अशा एकाखाली एक ओळी. प्रत्येकीपुढे सरासरीच्या खालपासून वरच्या दहा टक्क्यांत, वरच्या पाच टक्क्यांत, ते थेट 'माझ्या आजवरच्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक' इथपर्यंत पर्याय. आणि आणखी एक रकाना असतो: सांगायला आधार नाही.

इंटिग्रेटेडची, म्हणजे कॉलेज आणि कोचिंग क्लास जोडून घेतलेली, मुलं दोन वर्षं क्लासमध्ये असतात, कॉलेजात फक्त नावाला. जी मुलगी मला केवळ तोंडी परीक्षेच्या टेबलापलीकडे भेटली, ती अपयश आल्यावर कशी वागते याचं मी काय उत्तर देऊ? प्रामाणिकपणे खूण करायची तर ती त्या 'आधार नाही'च्या रकान्यातच करावी लागते. उलट, एका मुलाला घटक चाचणीत कमी गुण पडले होते. तो उत्तर पुन्हा लिहून घेऊन आला, मी केलेल्या खुणांवर वाद घातला, आणि एका ठिकाणी त्याचं म्हणणं मला पटलं. त्याच्याबद्दल दोन पानं लिहायला मला काहीच सायास पडले नाहीत. त्याच्या वडिलांकडे सल्लागाराला द्यायला पैसे नव्हते.

म्हणून म्हणते, चिडायचं तर मुलाला ओळखणारा एकही शिक्षक उरू नये अशी जी व्यवस्था आपण स्वतः फी भरून उभी केली, तिच्यावर चिडा. निबंध फार तर ६५० शब्दांचा. तो विकत घेतलेला असेल आणि शिक्षकांच्या पत्रातला मुलगा वेगळाच दिसत असेल, तर ते वाचणाऱ्यांच्या लक्षात येतं. अ‍ॅमहर्स्ट जादा लेखन मागतं, त्यात शिक्षकांनी तपासून गुण दिलेला एखादा विश्लेषणात्मक लेख पाठवायचाही पर्याय असतो. प्रयोगवही चालत नाही, कथा-कविताही नाही. आमच्याकडे असा लेख कोणी लिहून घेतच नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पैशाचं शेवटी. तिथला वर्षाचा एकूण खर्च नव्वद हजार डॉलरच्या आसपास आहे. परदेशी मुलाची ऐपत न बघता निवड करायची आणि मग गरज असेल तेवढी पूर्ण मदत द्यायची, असं करणारी लिबरल आर्ट्स कॉलेजं अगदी मोजकी. अ‍ॅमहर्स्ट त्यातलं, २०२२ पासून बोडिनही. स्वार्थमोर, ग्रिनेल यांसारख्या नावाजलेल्या ठिकाणीसुद्धा परदेशी अर्जदार किती मदत मागतो हे निवडीच्या वेळी बघितलं जातं. त्यामुळे कॉलेज निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, रँकिंग नंतर. मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा फॉर्म असतो. त्यात आई-वडिलांचं उत्पन्न, घर, शेती, बचत सगळं लागतं; फॉर्म १६ आणि आयकर विवरण आधीच काढून ठेवा. नोव्हेंबरच्या सुरुवातीची 'अर्ली डिसिजन', म्हणजे एकाच कॉलेजला आधी केलेला अर्ज, बंधनकारक असते: प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं. मदतीचे आकडे इतर कॉलेजांशी ताडून बघायचे असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

नियमित अर्जाची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. मुलीला खरोखर अर्ज करायचा असेल, तर तिला अकरावीपासून वर्गात शिकवणाऱ्या दोन शिक्षकांना आताच भेटू द्या, तिने स्वतः जाऊन विचारू दे. पत्र लिहायला त्यांना महिनाभर तरी हवा. अकरावी-बारावीत तिला ओळखणारं कोणीच नसेल, तर सीईटी द्या, इथेच चांगलं कॉलेज घ्या. एक वर्ष थांबून अर्ज करायचा मार्गही आहे, पण पत्र लिहिणारं माणूस तेव्हाही लागेलच. नववीची गुणपत्रिका मागायला शाळेकडे कसा अर्ज करायचा याचा नमुना माझ्याकडे आहे. हवा असेल तर खाली लिहा, पाठवते.