भागिले दोन

तुमच्याकडे एकापुढे एक जोडलेल्या दोन सेलचा पॅक आहे, ७.४ व्होल्टचा. ड्रॉवरमध्ये एका सेलसाठीची फ्युएल गेज चिप, म्हणजे बॅटरी किती टक्के उरली ते सांगणारी, पडून आहे, मॅक्स१७०४८. तिची सख्खी बहीण मॅक्स१७०४९ खास दोन सेलसाठी बनवलेली आहे, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. पण ती मागवायची म्हणजे चार दिवस वाट बघायची, आणि पॅकच्या व्होल्टला भागिले दोन केलं की एका सेलचे व्होल्ट, आपण काय भागाकार विसरलोय?

सर्वांत सोपं म्हणजे पॅक थेट जोडणे. चिपला सप्लाय चालतो २.५ ते ४.५ व्होल्ट आणि भरलेला पॅक देतो ८.४. निकाल तिथल्या तिथे लागतो, पुन्हा कधी टक्केवारी बघायची कटकटच नाही.

इतकी घाई नसेल तर १०० किलोओहमचे दोन रझिस्टर घ्या, बुधवार पेठेत मूठभर मिळतात, आणि एकापुढे एक पॅकच्या दोन टोकांमध्ये जोडा. दोघांच्या मधल्या टोकाला बरोबर निम्मे व्होल्ट. मॉड्यूलची, म्हणजे चिप बसवलेल्या छोट्या बोर्डाची, बॅटरीची तार तिथे लावा. बऱ्याच मॉड्यूलवर मोजायची पिन आणि सप्लायची पिन एकत्रच असते, म्हणजे चिप आपलं पोटही तिथूनच भरणार. खाऊन खाऊन खाणार किती, तर २३ मायक्रोअँपिअर. चिमणीचा घास! फक्त तो घास दोन रझिस्टरांच्या मिळून ५० किलोओहममधून (चिपच्या बाजूने बघता ते समांतर असतात) येतो आणि येता येता १.१५ व्होल्ट वाटेत सांडतो. आत्ताच चार्जरवरून काढलेला पॅक चिपला ३.०५ व्होल्टचा दिसतो आणि पडद्यावर शून्य उमटतं. घाबरायचं नाही. कोडमध्ये १.१५ मिळवून टाका.

सप्लाय वेगळा देण्याइतके तुम्ही शहाणे असलात, तरी उमेद सोडू नका. एक टक्कावाले रझिस्टर वाईटात वाईट उलटे जमले, तर ३.७ व्होल्टवर ३७ मिलिव्होल्टची चूक पदरात पडते. लिथियमचा आलेख तिथे इतका सपाट असतो, की तेवढ्यात दहा टक्क्यांहून जास्त चार्ज इकडचा तिकडे होतो. चिप स्वतः मोजते ७८ मायक्रोव्होल्टच्या पायऱ्यांनी. सोनाराचा तराजू आणायचा आणि वजनं भाजीवाल्याची! वर हे दोन रझिस्टर भरलेल्या पॅकमधून रात्रंदिवस ४२ मायक्रोअँपिअर पितात. मोजणाऱ्यापेक्षा त्याचा मदतनीस जास्त खातो. सरकारी कचेरीत फेऱ्या मारलेल्यांना याचं नवल वाटू नये.

भागाकार नकोच म्हणणाऱ्यांसाठी माझा स्वतःचा मार्ग: चिप फक्त खालच्या, म्हणजे उणे टोकाकडच्या, सेलला जोडणे. स्पीकर बनवला होता. खालचा सेल नवा, वरचा जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला. भाचीच्या बारशात गाणं मधेच तुटलं तेव्हा पडद्यावर नुकतेच ६१ टक्के दिसले होते. कव्हर उघडून मल्टिमीटर लावला. खालचा सेल ३.८६, वरचा २.७. सेल फार रिकामा किंवा फार भरला की पॅक तोडणाऱ्या प्रोटेक्शन बोर्डाने गुमान पुरवठा तोडला होता. चिपने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. तिला विचारलेल्या सेलचे ६१ टक्केच होते. ताई म्हणाली, "दादा, विकतचा आण."

प्रत्येक सेलला आपापली चिप, हाही विचार करून बघा. वरची चिप खालच्या सेलच्या डोक्यावर उभी, तिचा ग्राउंडच चार व्होल्टवर, म्हणून मधे आयसोलेटर लागेल, तारेने न जोडता निरोप पोचवणारा. शिवाय दोघींचा आयटूसी पत्ता, म्हणजे ज्या नावाने कंट्रोलर चिपला हाक मारतो तो, कायमचा एकच. तेव्हा एका वेळी एकीशीच बोलू देणारा एक मल्टिप्लेक्सरही घ्या. एवढ्या खर्चात प्रत्येक सेल वेगळा बघणारी बीक्यू४०झेड५० ही चिप आली असती, पण तिचं डेटाशीट वाचावं लागतं. सेल समांतर जोडलेले असतील तर यातलं काहीच तुम्हाला लागू नाही. तिथे एका सेलची चिप खुशाल चालते. तुमच्या वाट्याला मजा नाही, इतकंच.

बाकीच्यांनी भागिले दोनवर भरवसा ठेवावा. दोन सेल म्हणजे दोन भाऊ: एक भाऊ उपाशी, दुसऱ्याला अजीर्ण, आणि आईला निरोप की दोघंही पोटभर जेवले. रात्री पॅक चार्जिंगला लावा. एक सेल ४.० वर आणि दुसरा ४.४ वर गेला, तरी बेरीज ८.४ आणि निम्मे ४.२. पडद्यावर हिरवे १०० टक्के येतील. प्रोटेक्शन बोर्ड बसवला नसेल तर पॅक उशाशी तेवढा ठेवू नका.