नेपोलियनने हे चित्र पाहिलंच नाही

भाची चित्रकलेच्या फाउंडेशनला आहे. परवा सबमिशनचा तक्ता दाखवला: झाडाला टांगलेली प्रेतं, एकाचं मुंडकं फांदीवर खोचलेलं, हात छाटून बाजूला लटकवलेले. खाली तिच्या सुवाच्य अक्षरात व्हॉट्सॲपचाच मजकूर! ‘गोयाने रणांगणात बसून हे काढले. पाहून नेपोलियन ढसाढसा रडला. फ्रेंच सैतानांनी निष्पाप स्पॅनिशांवर केलेल्या अत्याचाराचा हा पुरावा.’ फॉरवर्ड पाठवणारे आमचे दादा, म्हणजे तिचे आजोबा. त्यांना तीनदा सांगून झालं, आता लिहितोच.

हे चित्र स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘युद्धाचे अनर्थ’ या छापचित्रांच्या संचातलं, नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या त्या युद्धावरचं. नेपोलियनचं आधी उरकू. तो 1821 मध्ये वारला, गोया 1828 मध्ये. हा संच छापून लोकांसमोर आला 1863 मध्ये, माद्रिदच्या सान फर्नांदो अकादमीतर्फे. रडला असेल तर दुसऱ्या कशाने तरी.

रणांगणात बसून? अहो, हे एचिंग आहे. तांब्याच्या पत्र्यावर लेप, लेपावर सुईने रेघा, मग आम्ल, शाई, प्रेस. तोफांच्या धुरात कोण मांडतं हा पसारा? मात्र 1808 मध्ये स्पॅनिश जनरल पालाफोक्सने गोयाला फ्रेंच वेढ्यात झालेली सारागोसा शहराची पडझड पाहायला बोलावलं होतं आणि एका चित्राखाली ‘हे मी पाहिलं’ असं आहे, एवढं मान्य.

खरा राग तिसऱ्या मुद्द्याचा. ब्रिटिश म्युझियममध्ये गोयाने आपल्या मित्राला, सेआन बेर्मूदेसला, दिलेला संच आहे. त्याच्या शीर्षकात बोनापार्टचं नाव आहे, आक्रमण फ्रेंचांचंच होतं. दादांना हे अर्धं श्रेय. पण पानं उलटा की! दुसऱ्या चित्रात फ्रेंच संगिनी रोखतात. तिसऱ्यात स्पॅनिश माणूस कुऱ्हाड उगारून उभा, खाली फ्रेंच शिपाई. मथळा: ‘तेच’. अठ्ठाविसाव्यात जमाव एका पडलेल्या माणसाला झोडपतोय, बाकीचे बघतायत, मथळा ‘झुंड’. आणि तक्त्यावरचं, एकोणचाळिसावं? देह उघडे, गणवेश नाही, मारणारा चित्रातच नाही. खाली फक्त: ‘केवढा पराक्रम! मेलेल्यांवर!’ यात फ्रेंच कोण, स्पॅनिश कोण, ओळखून दाखवा. त्याच चित्राखाली ‘सैतान’ आणि ‘निष्पाप’ लिहायचं म्हणजे गोयाच्या तोंडात आपली घोषणा कोंबायची.

आणि हो, फॉरवर्डमधलं चित्र रंगीत आहे. मूळ छाप काळ्या शाईचा. लाल रंग कुणी ओतला, ते दादांनी आपल्या सकाळच्या ग्रुपवर विचारावं.