रंग कमी लागेल

२०१४ ची जत्रा. देवळामागच्या खोलीत आमचा रंगपट. त्या वर्षीच्या नाटकात संहितेत नसलेला एक विनोदी प्रवेश मी घुसडला होता: किनाऱ्यावर 'माल' विकणारा नायजेरियन आणि त्याला पकडायला आलेला ढेरपोट्या हवालदार. त्याच्या थोडंच आधी, ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस, आपल्या गोव्यातल्या पर्रा गावात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला होता. त्याच्या देशबांधवांनी मृतदेह ठेवून पर्वरीचा हमरस्ता अडवला आणि आपल्या एका मंत्र्याने त्या लोकांना चक्क 'कॅन्सर' म्हटलं (मग माफीही मागितली). गावात चहाच्या हॉटेलात दुसरा विषय नव्हता. म्हटलं, हशा हमखास.

त्या नायजेरियनच्या कामासाठी मी खालच्या वाड्यावरचा एक मुलगा निवडला. बारावीतला, खणखणीत आवाजाचा. राजपुत्राचं काम सहज पेललं असतं त्याने. रंगपेटी उघडता उघडता मी त्याला म्हटलं, "तुलाच घेतलाय रे, रंग कमी लागेल." सगळे हसले. तोही हसला.

प्रवेश तुफान गाजला. मुलगा पुढच्या वर्षी तालमीला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कारण माझ्या डोक्यात शिरायला किती वर्षं गेली ते सांगायची लाज वाटते, म्हणून सांगत नाही.

'रंगभूमी माणसं जोडते' हे वाक्य गोव्यात प्रत्येक बक्षीस समारंभात एकदा तरी कानावर पडतंच. ते अगदी खोटं नाही. शिवोली गावचा जागर, म्हणजे रात्रीचं विधीनाट्य बघा, नाताळानंतरच्या सोमवारी रात्री हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घराण्यांचा मान असतो तिथे. जत्रेच्या नाटकात पेटीवर बामण, तबल्यावर भंडारी, पडदा ओढायला गावडा, हेही मी लहानपणापासून पाहतोय. पण एकदा गेल्या पंचवीस वर्षांची पात्रयादी काढून बसा. राजा कोणत्या वाड्यावरचा, राक्षस कोणत्या? दासी, चोर, गडी कोणाच्या वाट्याला? आमच्या गावची यादी मी काढली. इथे टाकणार नाही, मला याच गावात राहायचंय.

आणि 'घाटी', म्हणजे घाटापलीकडून पोटासाठी आलेला माणूस. विनोद अडला की आपल्या नाटकात घाटी येतो, चुकीचं कोकणी बोलतो, लोक लोळतात. गंमत म्हणजे गोंयकाराचं सगळ्यात लाडकं नाटक, म्हणजे तियात्र, गोव्यात जन्मलंच नाही. पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत झाला. बघायला कोण होते? पोटासाठी गेलेले खलाशी, कुक, बटलर, धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडांत, ट्रंकेला ट्रंक लावून झोपणारे आपलेच लोक. तिथे भायले, म्हणजे बाहेरचे, आपण होतो.

आता आपल्या मराठीपुरतं बोलतो, चिडायचं तर चिडा. आमच्या सरकारी मराठी शाळेत आज अर्ध्याहून जास्त मुलं बागलकोट, विजापूर, गदगकडच्या आईबापांची आहेत. कोणाचा बाप गवंडी, कोणाचा भंगारवाला. मराठी वाचवा म्हणून सभा घेणाऱ्यांची पोरं (माझीही) इंग्रजी माध्यमात गेली. पंधरा ऑगस्टला पसायदान म्हणतात ती ही घाट्यांची मुलं. त्यांच्यामुळे शाळेला कुलूप लागायचं राहिलंय, आणि आपण त्यांना विचारतो, "खंयचो रे तूं?"

म्हणून यंदा जत्रेच्या नाटकाबरोबर दुसरं काहीतरी करायचं ठरवलं. भेदभाव करू नका म्हणून ओरडणारं पथनाट्य नको होतं. तसली पथनाट्यं मी कॉलेजात ढीगभर केलीत; बघणारे मान डोलवतात आणि घरी जातात. ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक आउगुस्तो बोआल याची एक गोष्ट आहे. त्याची मंडळी खेड्यात जाऊन जमिनीसाठी रक्त सांडा अशी गाणी म्हणत. एकदा एक शेतकरी म्हणाला, चला, तुमच्या बंदुका घ्या आणि या आमच्याबरोबर. यांच्या बंदुका नाटकातल्या, लाकडी. त्या लाजेतून त्याने पुढे वेगळी वाट काढली: अन्यायाचा एक प्रसंग करून दाखवायचा, तोच परत सुरू करायचा, आणि प्रेक्षकातल्या कोणीही 'थांबा' म्हणून मंचावर येऊन पुढचं स्वतः करून बघायचं. पुढे १९९३ ते १९९६ तो रिओत नगरसेवक होता तेव्हा अशा प्रयोगांतून कायदेसुद्धा झाले. आपल्याकडे एवढं कुठलं व्हायला.

आमचा प्रसंग साधा होता. एक कुटुंब भाड्याने खोली मागायला येतं आणि घरमालकीण "खोली ना" म्हणते. शाळेच्या सभागृहात साठेक माणसं होती. दुसऱ्या फेरीला एक कॉलेजकुमार 'थांबा' म्हणून वर आला, भाडेकरू झाला आणि त्याने संविधानावर दोन मिनिटं भाषण ठोकलं. आमची घरमालकीण शांतपणे म्हणाली, "बरें. पूण खोली ना." हशा.

मग मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. शाळेतल्या एका मुलीची आई, गावात तीन घरी भांडी करतात. नियमाने त्यांनी भाडेकरूची जागा घ्यायची. त्या सरळ मालकिणीच्या खुर्चीत जाऊन बसल्या, पदर खोचला आणि स्वच्छ कोकणीत सुरू झाल्या. "कितलीं मनशां तुमीं? उदक खूब लागतलें. पाहुणे येवपाक जायना. भुरग्यांनी आंगणांत खेळपाक जायना." चेहऱ्यावर राग नाही, आवाज चढलेला नाही, पाठ केलेला धडा म्हणावा तसं. सूत्रधार मी होतो, 'थांबा' म्हणायचं माझं काम, आणि ते माझ्या तोंडून निघेना. ही वाक्यं ज्यांनी खरोखर म्हटली असतील त्यातल्या दोघी-तिघी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. एकीने पर्स उघडली, आत काहीतरी शोधत राहिली.

त्यानंतर गावात कोणी कोणाला खोली दिली असं काही झालेलं नाही. उलट "देवळाच्या लोकांनी हे कित्याक करचें?" असा निरोप आला. पण माझं मत विचाराल तर एवढं नक्की: नाटकाने काही व्हायचंच असेल तर ते आपण त्यांची कामं करून होणार नाही. त्या बाईंनी आमचं काम केलं तेव्हा सभागृहात पहिल्यांदा कोणीतरी अस्वस्थ झालं.

परवा मी त्या मुलाकडे गेलो. मुलगा कसला, बाप्या झालाय, स्वतःचा टेम्पो आहे. म्हटलं, जत्रेच्या नाटकात काम करशील काय?

"रोल कितें?"

"राजाचा."

टेम्पोचं फळकुट लावता लावता मोठ्याने हसला. म्हणाला, "आनी रंग कितलो लागतलो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रविवारी आठ वाजता तालीम असते, एवढं सांगून आलो. दोन रविवार झाले.