‘लस घेऊनही मेंदूज्वर झाला’ हा युक्तिवाद कुठे फसतो

जपानी मेंदूज्वराच्या लशीविरुद्ध एक मजकूर मोबाइलवर फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: गोरखपूरला लस देऊनही मुलं दगावली, लस चिनी आहे, तीत जिवंत विषाणू आहे आणि आमच्याकडे डुकरंच नाहीत.

गोरखपूरचा दाखला सगळ्यात वजनदार वाटतो आणि तोच सगळ्यात फसवा आहे. पूर्व उत्तर प्रदेशात २००५ च्या साथीत हजारावर बळी गेले. २००६ पासून मोहिमेत लस सुरू झाली, जपानी मेंदूज्वर ओसरत गेला, पण ताप, झटके, बेशुद्धी घेऊन मुलं येतच राहिली. तपासात त्यातल्या बऱ्याच जणांना स्क्रब टायफस निघाला. हा माइट या बारीक किड्याच्या पिल्लांच्या चाव्यातून होणारा जिवाणूचा आजार. त्यावर विषाणूची लस काय करणार? तिथे वेळेवर दिलेलं डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकच कामाला येतं. काखेत, जांघेत चटका बसल्यासारखी काळी खपली शोधावी. ती नसली म्हणून आजार नाही असं मात्र नव्हे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चंडिपुरा गावात पहिल्यांदा सापडलेला विषाणूही मेंदूज्वर आणतो, तो तर वालुमाशीतून पसरतो आणि त्यावर लसच नाही.

म्हणून ‘लस घेऊनही मेंदूज्वर झाला’ असं कुणी सांगितलं की आधी विचारावं, आयजीएम तपासणी (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं शोधणारी) झाली का आणि कशाची? पहिल्या चार-पाच दिवसांत रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. नुकतीच लस टोचली असेल तर उलट पॉझिटिव्हही येतो. भरवसा पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीचा.

चिनी? एसए १४-१४-२ ही लस चीनमध्ये तयार झाली, खरंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ती पूर्वप्रमाणित केली, म्हणजे दर्जा आणि सुरक्षितता तपासून मान्य केली. त्याच वर्षी कर्नाटकातल्या कोलारच्या विषाणूपासून बनवलेली भारतीय लसही आली. ती मृत विषाणूची आहे, त्यामुळे चिनी आणि जिवंत हे दोन्ही आक्षेप तिला लागूच होत नाहीत. एसए १४-१४-२ मधला विषाणू जिवंत असला तरी क्षीण केलेला असतो. गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती खूप खालावलेलं मूल असेल, तर ती देत नाहीत.

गडबड होते ती बहुतेक वेळा हाताळणीत. जिवंत लशीची पावडर तिच्याच डायल्युएंटमध्ये, म्हणजे सोबत येणाऱ्या द्रावणात, विरघळवायची, तेही २ ते ८ अंशांत थंड केलेलं असावं. गरम डायल्युएंटने लस मरते. व्हायलवर (कुपीवर) विरघळवल्याची वेळ लिहायची आणि चार तासांनी उरलेली लस फेकायची. जपून ठेवलेल्या व्हायलमध्ये जंतू वाढतात आणि त्यांच्या विषाने मूल काही तासांत दगावू शकतं. मृत लशीचं उलट, ती गोठली की बाद.

डुकरांचं म्हणाल तर त्यांच्यात हा विषाणू वाढतो हे खरं, पण बगळे आणि ढोकरीही तो वाहतात आणि तो माणसांत पसरवणारे क्युलेक्स डास धानाच्या बांधीत वाढतात. भंडारा-गोंदियात बांधी काय कमी आहेत?

डोस दोन: पहिला ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलासोबत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, प्रत्येकी ०.५ मिली. जिवंत लस डाव्या दंडात कातडीखाली, मृत लस मांडीच्या स्नायूत. सरकारी कार्यक्रमात ती निवडक जिल्ह्यांतच मिळते, तेव्हा आपला जिल्हा यादीत आहे का ते उपकेंद्रात विचारा. तिथे राहून गेलेला डोस १५ वर्षांपर्यंत देता येतो.